हायड्रोजन हिरवा ठरवणारा हिशेब तासाचा हवा

प्रति,
मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

हरित हायड्रोजनच्या बातम्या मराठी वृत्तपत्रांत आता नियमित येऊ लागल्या आहेत. सामंजस्य करार, गुंतवणुकीचे कोटींचे आकडे आणि रोजगाराचे अंदाज एवढ्यावर त्या बहुधा संपतात. कोणत्या हायड्रोजनला हरित म्हणायचे, ते कोणी ठरवायचे आणि ठरवताना विजेचा हिशेब कसा मांडायचा, हा भाग राजपत्रातल्या अधिसूचनांमध्ये पडून राहतो. सांगली आणि सातारा जिल्ह्यांना मात्र याच भागाशी कर्तव्य आहे. वनकुसवडे आणि चाळकेवाडीच्या पठारांवरचा, ढालगाव परिसरातला वारा, जतचे ऊन आणि कोयनेची वीज या तिन्हींवर उद्याच्या हायड्रोजन उद्योगाचा डोळा राहणार आहे. नियम कसा लिहिला जातो यावर त्यातून आपल्या पदरात काय पडेल हे अवलंबून आहे, म्हणून हे पत्र थोडे सविस्तर लिहितो.

रसायनशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेल्यामुळे एक गोष्ट आधी स्पष्ट करावीशी वाटते. नैसर्गिक वायूवर वाफेची प्रक्रिया करून मिळवलेला हायड्रोजन आणि पाण्याचे विद्युत अपघटन करून मिळवलेला हायड्रोजन यांच्या रेणूत काहीही फरक नसतो. दूध संघाच्या संकलन केंद्रावर फॅट मोजून दुधाची प्रत ठरते, तशी हायड्रोजनच्या टाकीला नळी लावून त्याचा हिरवेपणा मोजता येत नाही. तो उत्पादनाच्या नोंदींवरून, म्हणजे कागदावरून ठरतो. आपल्या देशात आज वर्षाला सुमारे ५० लाख टन हायड्रोजन वापरला जातो. त्यातला बहुतेक तेलशुद्धीकरण कारखान्यांत आणि खतांसाठी लागणाऱ्या अमोनियात जातो, आणि जवळजवळ सगळा नैसर्गिक वायू किंवा अन्य जीवाश्म इंधनापासून बनतो. वायूपासून एक किलो हायड्रोजन तयार करताना नऊ ते दहा किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. हे थांबवायचे तर पर्याय विद्युत अपघटनाचा आहे, आणि त्यासाठी एका किलोमागे साधारण ५० ते ५५ युनिट वीज खर्च होते. प्रश्न त्या विजेचा आहे.

हवामानविषयक धोरण आणि हायड्रोजनचे नियम यांचे नाते इथून सुरू होते. नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगोच्या परिषदेत भारताने २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट जाहीर केले. ऑगस्ट २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांना सादर केलेल्या सुधारित आराखड्यात, सकल उत्पन्नाच्या प्रमाणात होणारे उत्सर्जन २००५ च्या तुलनेत २०३० पर्यंत ४५ टक्क्यांनी घटवण्याची हमी दिली. त्या हमीला कायद्याचे पाय फुटले ते ऊर्जा संवर्धन कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीने. या दुरुस्तीमुळे मोठ्या उद्योगांना हरित हायड्रोजनसारखे जीवाश्मेतर इंधन किंवा कच्चा माल ठरावीक प्रमाणात वापरण्यास भाग पाडण्याचा अधिकार केंद्राला मिळाला, आणि कार्बन पतव्यापाराची, म्हणजे उत्सर्जन घटवल्याबद्दल मिळणाऱ्या पतींच्या खरेदी-विक्रीचीही तरतूद झाली. पाठोपाठ ४ जानेवारी २०२३ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने १९,७४४ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानाला मंजुरी दिली. २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन हरित हायड्रोजन आणि त्यासाठी सुमारे १२५ गिगावॉट नवी अक्षय ऊर्जा, असे त्याचे लक्ष्य आहे. एवढा सार्वजनिक पैसा द्यायचा तर तो कोणत्या मालासाठी, हे ठरवणे भाग होते. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने व्याख्या दिली: एक किलो हायड्रोजनमागे, मागील बारा महिन्यांच्या सरासरीने, दोन किलो कार्बन डायऑक्साइडइतक्याच हरितगृह वायूंची मुभा. मोजणी पाण्याच्या शुद्धीकरणापासून सुरू होते आणि वायू वाळवून दाबाखाली आणण्यापाशी संपते.

दोन किलो हा आकडा वरवर पाहता कडक आहे. युरोपीय संघाची मर्यादा उष्मांकाच्या हिशेबाने दर मेगाज्यूलला २८.२ ग्रॅम, म्हणजे किलोमागे साधारण ३.४ किलो येते. आपण युरोपपेक्षा काटेकोर, असा निष्कर्ष काढून काही जण समाधान मानतात. तो निष्कर्ष घाईचा आहे. युरोपची मोजणी कारखान्याच्या फाटकाशी थांबत नाही, वाहतूकही धरते. आणि खरा फरक मर्यादेच्या आकड्यात नसून वीज मोजण्याच्या पद्धतीत आहे.

आपल्या व्याख्येत अक्षय ऊर्जेमध्ये साठवलेली आणि ग्रिडमध्ये ‘बँकिंग’ केलेली वीजही धरली आहे. बँकिंग म्हणजे दुपारी सौर प्रकल्पातून निघालेली जादा वीज ग्रिडला द्यायची आणि ती आपल्या खात्यावर जमा धरून रात्री उचलायची. कागदावर ती वीज सूर्याचीच राहते. प्रत्यक्षात रात्री दहा वाजता इलेक्ट्रोलायझरमध्ये, म्हणजे पाण्याचे विद्युत अपघटन करणाऱ्या यंत्रात, जी वीज शिरते ती त्या वेळी ग्रिडवर असलेली, म्हणजे मुख्यतः चंद्रपूर, कोराडी अशा औष्णिक केंद्रांची वीज असते. देशाच्या ग्रिडवरील एका युनिटमागे सरासरी ७०० ग्रॅमच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सुटतो. एका किलोला ५२ युनिट धरली तर निव्वळ ग्रिडच्या विजेवर बनवलेला हायड्रोजन किलोमागे ३६ किलोंहून अधिक कार्बन डायऑक्साइड सोडेल. जो हायड्रोजन आपल्याला बदलायचा आहे, त्याच्या जवळपास चौपट. याच हिशेबाने, शंभरातली जेमतेम साडेपाच युनिट जरी खरोखर ग्रिडच्या अशा सरासरी विजेची निघाली तरी दोन किलोंची सगळी मुभा संपते. मग रात्रभर बँकेतली वीज वापरणारा प्रकल्प कागदावर शून्याच्या जवळ कसा राहतो? तर बँकेतले युनिट नियमाने स्वच्छ मानले आहे म्हणून, आणि उरलीसुरली तफावत वर्षाच्या सरासरीत बुजते म्हणून.

युरोपने हा मुद्दा २०२३ च्या नियमावलीत थेट हाताळला. इलेक्ट्रोलायझर वापरत असलेली अक्षय वीज २०२९ अखेरपर्यंत त्याच महिन्यात आणि १ जानेवारी २०३० पासून त्याच तासात निर्माण झालेली असली पाहिजे. तसेच वीज प्रकल्प हायड्रोजन प्रकल्पाच्या आधी जास्तीत जास्त ३६ महिन्यांत सुरू झालेला, म्हणजे नवा असला पाहिजे. २०२८ पूर्वी सुरू होणाऱ्या हायड्रोजन प्रकल्पांना या दुसऱ्या अटीतून काही वर्षांची सूट आहे. अमेरिकेने २०२२ च्या कायद्याने किलोमागे तीन डॉलरपर्यंत करसवलत देऊ केली, ती पूर्ण मिळण्यासाठी किलोमागे ०.४५ किलोंहून कमी उत्सर्जनाची अट घातली आणि जानेवारी २०२५ च्या अंतिम नियमांत २०३० पासून तासाचा हिशेब मान्य केला. पुढे सरकार बदलले आणि जुलै २०२५ च्या कायद्याने त्या सवलतीची मुदतच आखडली. २०२८ उजाडण्यापूर्वी बांधकाम सुरू झाले तरच ती मिळेल. हवामान धोरणाची दिशा बदलली की हायड्रोजनचा नियम आणि त्यावर उभे राहिलेले गुंतवणुकीचे गणित कसे डळमळते, याचे हे अगदी ताजे उदाहरण आहे. केवळ अनुदानाच्या आशेवर जमिनी देऊ करणाऱ्या आपल्याकडच्या मंडळींनी ते लक्षात ठेवावे.

तासाच्या हिशेबाला उद्योगांचा विरोध आहे आणि तो निराधार नाही. इलेक्ट्रोलायझर महाग असतो. तो फक्त ऊन असतानाच चालवला तर भांडवलाचा बोजा थोड्याच किलोंवर पडतो आणि दर चढतो. शिवाय अल्कलाइन प्रकारची यंत्रे फार कमी भारावर चालवता येत नाहीत, कारण भार उतरला की ऑक्सिजनच्या बाजूला हायड्रोजन मिसळण्याचा धोका वाढतो. नवजात उद्योगावर पहिल्याच दिवशी सर्वांत कडक अट लादू नये, हे म्हणणे मला पटते. पण सवलतीला शेवटची तारीख असावी, आणि ती आजच जाहीर व्हावी. युरोपने निदान तारीख दिली. आपल्या व्याख्येत अशी तारीख नाही.

आता हे सगळे आपल्या दोन जिल्ह्यांना कसे लागू पडते ते पाहू. पाटण तालुक्याच्या पठारावर जो कोणी आषाढ-श्रावणात उभा राहिला असेल त्याला सांगायला नको की तिथला वारा हंगामी आहे. आपल्या पवनचक्क्यांची वर्षाची बहुतांश वीज जून ते सप्टेंबर या काळात निघते आणि दिवाळीनंतर पाती रेंगाळू लागतात. केंद्राच्या फेब्रुवारी २०२२ च्या हरित हायड्रोजन धोरणाने बँकिंगला ३० दिवसांची मुदत दिली आहे, म्हणजे जुलैतला वारा मार्चसाठी राखून ठेवता येत नाही. त्याच धोरणाने आंतरराज्य पारेषण शुल्क २५ वर्षांसाठी माफ केले. याचा एकत्रित परिणाम असा की राजस्थानच्या वाळवंटातील सर्वांत स्वस्त सौर वीज फुकट वाहून कोकण किनाऱ्यावर आणायची, दिवसा वापरून उरलेली बँकेत टाकायची आणि रात्री उचलायची, हा गुंतवणूकदाराच्या दृष्टीने सगळ्यांत सोपा मार्ग ठरतो. या मांडणीत पाटणच्या वाऱ्याला विशेष मोल राहत नाही, कारण रात्रीची वीज ग्रिडच पुरवतो आणि तिला स्वच्छतेचा दाखला मिळालेला असतो.

तासाचा हिशेब आला की चित्र पालटते. रात्री आणि पावसाळ्यात ढगाळ हवेत सौर प्रकल्प ज्या तासांना काहीच देऊ शकत नाही, नेमक्या त्या तासांत सह्याद्रीच्या माथ्यावर वारा असतो. जतचे ऊन आणि पाटणचा वारा एकमेकांची उणीव भरून काढतात. दोन्ही एकाच भागात असणे ही आपली जमेची बाजू आहे आणि नियम ढिला असेल तोवर ती जमा होत नाही. कडक नियम म्हणजे विकासाला खीळ, असे सरसकट मानणाऱ्या लोकप्रतिनिधींनी या मुद्द्याकडे लक्ष द्यावे. आपल्या जिल्ह्यांपुरते तरी कडक नियमच फायद्याचे आहेत.

इथे दोन खबरदाऱ्या मात्र घ्याव्या लागतील. पहिली कोयनेबाबत. मोठ्या जलविद्युत प्रकल्पांना केंद्राने २०१९ पासून अक्षय ऊर्जेचा दर्जा दिला आहे. सुमारे १,९६० मेगावॉट क्षमतेच्या कोयना प्रकल्पाची वीज हायड्रोजनसाठी दाखवली तर नियमाने ती निर्दोष ठरेल. पण कोयनेची वीज आजच राज्याच्या संध्याकाळच्या वाढीव मागणीला आधार देते, आणि पश्चिमेकडे वळवायच्या पाण्यावर कृष्णा पाणीवाटप लवादाची वर्षाला ६७.५ टीएमसीची (अब्ज घनफुटांची) मर्यादा आहे. म्हणजे तिथे वीज हवी तेवढी वाढवता येत नाही. ती हायड्रोजनच्या नावावर लिहिली तर संध्याकाळचा खड्डा कोळसा जाळूनच भरावा लागेल. हायड्रोजन हिरवा दिसेल आणि राज्याचे एकूण उत्सर्जन वाढेल. ‘वीज नवी असावी’ ही युरोपची अट आपल्याकडे अनेकांना जाचक वाटते, पण ती का हवी हे कोयनेच्या उदाहरणावरून समजते.

दुसरी खबरदारी जुन्या पवनचक्क्यांची. साताऱ्याच्या पठारांवर सुमारे पाव शतकापूर्वी उभारणी सुरू झाली तेव्हा यंत्रे लहान होती, आणि वाऱ्याच्या सर्वोत्तम जागा त्यांनीच अडवलेल्या आहेत. त्यांतल्या अनेकांचे जुने वीजखरेदी करार संपले आहेत. ही वीज हायड्रोजन प्रकल्पाला विकणे मालकांना सोयीचे वाटेल, पण त्यात नवे काहीच नाही. तीच यंत्रे उतरवून त्याच जागी मोठी, उंच यंत्रे बसवली तर वीज खऱ्या अर्थाने वाढते. केंद्राचे पवनऊर्जा पुनर्बांधणीचे धोरण डिसेंबर २०२३ मध्ये सुधारले गेले आहे आणि युरोपच्या नियमातही, नव्या प्रकल्पाच्या खर्चाच्या ३० टक्क्यांहून अधिक गुंतवणूक करून नूतनीकरण केलेला प्रकल्प नवा मानला जातो. राज्य शासनाने हायड्रोजनच्या सवलती अशा नूतनीकरणाशी जोडल्या तर पठारावरच्या ग्रामपंचायतींना कर, स्थानिकांना काम आणि ग्रिडला जादा वीज, असे तिन्ही साधेल. जमिनीचे जुने व्यवहार, रस्ते आणि मोबदल्याच्या तक्रारी त्यानिमित्ताने निकालात निघाल्या तर बरेच.

साखर कारखानदारीच्या अंगाने एक उपप्रश्न आहे. केंद्राची व्याख्या जैवभारापासून केलेल्या हायड्रोजनलाही हरित मानते, तीच दोन किलोंची मर्यादा ठेवून. आपल्याकडे उसाचा बगॅस (चोथा) आणि प्रेसमड (रस गाळल्यावर उरणारा गाळ) मुबलक, त्यामुळे या मार्गाची चर्चा होणारच. पण आपल्या बहुतेक मोठ्या कारखान्यांत बगॅस आधीच सहवीजनिर्मितीच्या बॉयलरमध्ये जळतो आणि त्यातून ग्रिडला वीज मिळते. तो बगॅस हायड्रोजनकडे वळवला तर ती वीज कमी होईल. त्याची भरपाई कशाने झाली, हे विचारणारा रकाना प्रमाणपत्राच्या अर्जात असला पाहिजे. प्रेसमडचे तसे नाही. पण त्याला बायोगॅस आणि सेंद्रिय खत हे सोपे उपयोग असताना हायड्रोजनचा द्राविडी प्राणायाम कशाला, असे मला वाटते.

पाण्याबद्दल बरीच अतिशयोक्ती होते, दोन्ही बाजूंनी. एका किलो हायड्रोजनसाठी रासायनिक समीकरणाने नऊ लिटर पाणी लागते. शुद्धीकरणातले नुकसान आणि थंड करण्याची प्रक्रिया धरली तर २० ते ३० लिटर. २५ लिटर धरून देशाच्या ५० लाख टनांच्या लक्ष्याला साधारण साडेचार टीएमसी पाणी पुरेल. एकट्या कोयना धरणाची साठवण १०५ टीएमसी आहे. त्यामुळे हायड्रोजन नद्या पिऊन टाकील, ही भीती अनाठायी आहे. प्रश्न स्थानिक आहे. वर्षाला दहा हजार टनांचा एक प्रकल्प रोज सुमारे सात लाख लिटर पाणी घेईल. जलजीवन मिशनच्या माणशी ५५ लिटरच्या निकषाने हे बारा हजारांहून अधिक लोकांचे रोजचे पाणी झाले. कराडजवळ कृष्णाकाठी त्याची कोणी दखल घेणार नाही, पण जतच्या पूर्व भागात, जिथे उन्हाळ्यात गावे टँकरची वाट पाहतात, तिथे ते असह्य होईल. आणि सौर प्रकल्पांना स्वस्त, मोकळी जमीन नेमकी तिथेच मिळते. म्हैसाळ योजनेचे पाणी अनेक टप्प्यांत उपसून तिकडे नेले जाते. त्या उपशाच्या वीजबिलात ८१ टक्के शासनाचा आणि १९ टक्के लाभधारकांचा वाटा, अशी व्यवस्था आहे. शेतकऱ्यासाठी घातलेली ही सवलत उद्योगाच्या पाण्याला लागू होऊ नये, आणि उपशाला लागलेल्या विजेचे उत्सर्जन हायड्रोजनच्या खात्यात धरले जावे. आजच्या व्याख्येतली मोजणी पाण्याच्या शुद्धीकरणापासून सुरू होते. पाणी तिथवर कोठून आणि कसे आले, याची ती चौकशी करत नाही.

ज्या हवामान धोरणाने उत्सर्जनाचा नियम आणला, त्याच धोरणाच्या नावाखाली दुसरा एक नियम सैल झाला आहे, आणि त्याची चर्चा फारशी झाली नाही. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने जुलै २०२३ मध्ये हरित हायड्रोजन प्रकल्पांना पर्यावरणविषयक पूर्वमंजुरीतून सूट दिली. हेतू परवानग्यांचा काळ वाचवण्याचा असेल, पण पूर्वमंजुरीच्या प्रक्रियेत जनसुनावणीची तरतूद असते, आणि गावकऱ्यांना प्रकल्पाची कागदपत्रे पाहून प्रश्न विचारता येतील असे हक्काचे ठिकाण बहुधा तेच असते. पाण्याचा प्रश्न तिथेच निघाला असता. सुरक्षेची बाजू नागपूरला मुख्यालय असलेल्या पेट्रोलियम व स्फोटक सुरक्षा संघटनेकडे, म्हणजे पेसोकडे आहे. दाबाखालील टाक्या आणि सिलिंडर यांचे परवाने ती देते. हायड्रोजन हवेत चार ते पंचाहत्तर टक्के अशा फार रुंद पट्ट्यात पेट घेऊ शकतो, त्याला रंग-वास नाही आणि त्याची ज्योत दिवसा जवळजवळ दिसत नाही. तो सामान्य पोलादात शिरून ते ठिसूळ करतो. हे धोके तंत्राने आटोक्यात ठेवता येतात. खत आणि तेल कारखाने अनेक दशके ठेवत आले आहेत. पण तालुक्याच्या अग्निशमन दलाला त्याचे प्रशिक्षण आहे का, हा प्रश्न परवाना देणाऱ्या नागपूरच्या कार्यालयाने नव्हे, तर इथल्या लोकांनी विचारायचा आहे. त्यात भर म्हणजे गळलेला हायड्रोजन वातावरणात मिथेनचे आयुष्य वाढवतो. शंभर वर्षांच्या हिशेबाने त्याचा अप्रत्यक्ष तापमानवाढीचा परिणाम कार्बन डायऑक्साइडच्या अकरा-बारा पट असल्याचे शास्त्रज्ञांचे अनुमान आहे. दोन किलोंच्या मर्यादेत ही गळतीही धरायला हवी.

हा सारा काटेकोरपणा युरोपसाठी कशाला, असा आक्षेप येईल. त्याचे उत्तर कुपवाड आणि मिरजेच्या औद्योगिक वसाहतींत आहे. युरोपच्या सीमेवरील कार्बन कर व्यवस्थेचा प्रत्यक्ष टप्पा १ जानेवारी २०२६ पासून सुरू झाला. सिमेंट, पोलाद, ॲल्युमिनियम, खते आणि वीज यांच्याबरोबर खुद्द हायड्रोजनही तिच्या यादीत आहे, आणि पोलादात नळजोडण्या, नटबोल्ट यांसारखा लहान कारखान्यांत बनणारा मालही येतो. उद्या हायड्रोजनवर बनलेले पोलाद वापरून इथल्या उद्योजकाने असा माल पाठवला आणि त्या हायड्रोजनचा भारतीय दाखला युरोपने मान्य केला नाही, तर इथे महाग कच्चा माल आणि तिथे कर, अशी दुहेरी किंमत त्याला मोजावी लागेल. केंद्राने एप्रिल २०२५ मध्ये प्रमाणीकरण योजना जाहीर केली आहे. तिच्यात तासाच्या नोंदीची सोय आजच केली तर पुढचा वाद टळेल. वीज मीटर तसेही पंधरा मिनिटांच्या टप्प्याने नोंद ठेवतात, त्यामुळे माहिती नाही ही सबब टिकणारी नाही.

राहता राहिला राज्याचा वाटा. राज्य मंत्रिमंडळाने जुलै २०२३ मध्ये ८,५६२ कोटी रुपयांच्या तरतुदीसह हरित हायड्रोजन धोरण मंजूर केले. २०३० पर्यंत वर्षाला पाच लाख टनांचे लक्ष्य त्यात आहे. पारेषण शुल्कात ५० टक्के आणि वहन शुल्कात ६० टक्के सवलत दहा वर्षांसाठी, विद्युत शुल्क माफ, आणि इतर ग्राहकांची वीज स्वस्त ठेवण्यासाठी मोठ्या ग्राहकांकडून घेतला जाणारा क्रॉस सबसिडी अधिभारही माफ. या सवलतींचा भार शेवटी कोणीतरी उचलतो, आणि तो शासन तरी असेल किंवा महावितरणचा इतर ग्राहक तरी, ज्यात द्राक्षाच्या शीतगृहाचा मालकही आला आणि यंत्रमागवालाही. जो पैसा देतो त्याला हिशेब मागण्याचा अधिकार आहे. माझी मागणी एवढीच आहे की ज्या प्रकल्पाला यांतली कोणतीही सवलत मिळेल त्याने दर तासाला किती वीज कोणत्या स्रोतातून घेतली, याची नोंद महाऊर्जा या राज्याच्या ऊर्जा विकास संस्थेच्या संकेतस्थळावर सर्वांना पाहता यावी. २०३० नंतर सुरू होणाऱ्या प्रकल्पांना तासाचा हिशेब जुळल्याशिवाय सवलत मिळू नये. आणि पाण्याचा स्रोत ठरवण्यापूर्वी संबंधित ग्रामसभेपुढे कागदपत्रे ठेवली जावीत.

हायड्रोजन कशासाठी वापरायचा, याचाही क्रम राज्याने लावावा. राज्याची आजची मागणी वर्षाला सुमारे सव्वापाच लाख टन आहे. आधी खते आणि तेलशुद्धीकरण यांतला जुना हायड्रोजन बदलावा. धोरणात हायड्रोजनवर चालणाऱ्या प्रवासी वाहनांसाठीही अनुदान आहे. पण तेवढेच अंतर कापायला हायड्रोजनच्या बसला बॅटरीच्या बसपेक्षा मूळ वीज दोन-तीन पट लागते, आणि ज्या भागात शेतीपंपांना दिवसा वीज मिळावी म्हणून अजून मोर्चे निघतात तिथे ही चैन परवडणारी नाही.

राज्य वीज नियामक आयोग ओपन ॲक्सेस (वितरण कंपनीऐवजी अन्य उत्पादकाकडून थेट वीज घेण्याची मुभा) आणि बँकिंगच्या नियमांत बदल करण्यापूर्वी मसुदा जाहीर करून लेखी हरकती मागवतो. २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर आणि त्यांच्या अधल्यामधल्या वर्षांतला दुष्काळ सोसलेल्या या जिल्ह्यांतून अशा मसुद्यांवर फार थोड्या हरकती जातात. बहुतेक मोठ्या कंपन्यांच्या वकिलांच्या असतात. सहकारी साखर कारखाने, उपसा सिंचनाच्या पाणीवापर संस्था, औद्योगिक वसाहतींच्या संघटना आणि पवनचक्क्यांच्या पठारावरील ग्रामपंचायती यांनी पुढच्या मसुद्याच्या वेळी आपले म्हणणे मुदतीत आणि मराठीत दाखल करावे, आणि आपल्या दैनिकाने अशा मसुद्यांची सूचना व हरकतींची अंतिम तारीख ठळकपणे छापावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त रसायनशास्त्र शिक्षक,
विश्रामबाग, सांगली